चार थरांची फाइल सिस्टीम नेटवर्कवर: मोठी फाइल पळते, टाइल्स का रखडतात?

ड्रोनदृष्टी · सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमचं छोटं सर्व्हे ऑफिस आहे. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्रा बागांचे ड्रोन सर्व्हे करतो. त्यातून ऑर्थोमोझॅक (फोटो जोडून केलेला एकसंध नकाशा) बनवायचा, त्याच्या टाइल्स (छोटे चौकोनी तुकडे, प्रत्येकाची वेगळी फाइल) कापायच्या आणि ग्राहकाला द्यायच्या, असं काम. सगळा डेटा ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कवरचा साठवणीचा सर्व्हर) असतो.

रचना सांगतो. तळाला नॅसच्या डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम. नॅस ते वर्कस्टेशन एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याचा प्रोटोकॉल), मधे गिगाबिट स्विच. वर्कस्टेशनवर त्या एनएफएसच्या माथ्यावर गोक्रिप्टएफएस, कारण डेटा कूटबद्ध असावा असं ग्राहकाच्या करारात कलम आहे. नॅस दोन आहेत (जुना भरला म्हणून नवा घेतला), आणि दोन्हींवर वेगवेगळं गोक्रिप्टएफएस. दोन्हीकडची फोल्डरं एकाच झाडात दिसावीत म्हणून सगळ्यात वर मर्जरएफएस.

आता अडचण. मोठा जिओटिफ (आख्ख्या मोझॅकची एकच फाइल) ओढला तर लाइन जवळजवळ भरते, तक्रार नाही. पण टाइल्सचं फोल्डर कॉपीला लावलं की नेटवर्कचा आलेख तळाशी रांगतो, सीपीयू रिकामा, नॅसची डिस्क रिकामी, आणि काम काही संपत नाही. नुसतं फोल्डर उघडलं तरी फाइल मॅनेजर गोठतो. काटोलच्या साइट ऑफिसातला मुलगा व्हीपीएनवरून तेच फोल्डर उघडतो, त्याच्या हालाबद्दल न बोललेलं बरं.

कोणीच दमलेलं दिसत नाही, मग वेळ जातो कुठे?

तर्रीपोहा · सोमवार, रात्री ११.०५

थरावर थर चढवून राहिले अन् विचारून राहिले स्लो काऊन! एकेक उतरवून पाहा ना बाप्पा, कोणाचं पाप आहे ते कळते.

केबलवाला · सोमवार, रात्री ११.२०

१० गिगाबिटचा स्विच आणि दोन्हीकडे कार्डं घ्या. आजकाल परवडतात. इतका डेटा असून अजून गिगाबिटवर कशाला बसलात? आणि नॅस कूलरच्या झोतात ठेवला नाही ना? आपल्याकडे अर्ध्या ऑफिसांत सर्व्हर डेझर्ट कूलरच्या ओल्या हवेत बसलेला असतो.

जुना टर्मिनल · मंगळवार, सकाळी ७.१५

कूलरबद्दल केबलवाल्यांशी सहमत. स्विचबद्दल नाही. मोठी फाइल लाइन भरते असं धागाकर्त्यांनीच लिहिलंय, म्हणजे रुंदी पुरेशी आहे. इथे बघायचं ते असं की एका विनंतीचं उत्तर यायला किती वेळ लागतो आणि अशा विनंत्या किती जातात. कळमन्याहून संत्री आणायची आहेत आणि एका खेपेत एकच संत्रं आणायचं असा नियम आहे, तर टेम्पोऐवजी ट्रक घेऊन काय होणार?

आधी टाइल्स किती होतात ते मोजू. वेब मर्केटर या वेब नकाशांच्या प्रक्षेपणात २१ व्या झूमला विषुववृत्तावर एक पिक्सेल साडेसात सेंटीमीटरच्या आसपास येतो. आपला अक्षांश २१ अंश, त्याच्या कोसाइनने गुणलं की ७ सेंटीमीटर. २५६ पिक्सेलच्या टाइलची बाजू १७.८ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ३१८ चौरस मीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला ३,१०० हून जास्त टाइल्स. काम १०० चौरस किलोमीटरचं धरलं तर एकट्या २१ व्या झूमच्या ३ लाख १४ हजार फाइली. त्याहून कमी तपशिलाच्या प्रत्येक झूमला आधीच्याचा चौथा हिस्सा उरतो, त्यामुळे सगळे झूम मिळून बेरीज एक तृतीयांशाने वाढते: ४ लाख २० हजारांच्या जवळपास.

एनएफएसच्या ३ ऱ्या आवृत्तीत, कॅश थंड असताना, एक छोटी फाइल वाचायला नाव शोधणं, परवानगी विचारणं, गुणधर्म घेणं आणि मग वाचणं असे ढोबळ चार हेलपाटे होतात. लॅनवर एक हेलपाटा ०.३ मिलिसेकंद धरा. ४.२ लाख × ४ × ०.३ मिलिसेकंद म्हणजे ५०४ सेकंद, साडेआठ मिनिटांच्या आत. चालेल. व्हीपीएनवर २५ मिलिसेकंद धरा: ४२,००० सेकंद, साडेअकरा तासांच्या वर. तारेतून गेलेले बाइट दोन्हीकडे सारखेच. कॉपी करणारा प्रोग्राम एका फाइलचं उत्तर आल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही, म्हणून सगळे रिकामे दिसतात. सगळे वाट पाहत बसलेले असतात.

हे झालं नुसत्या एनएफएसचं. थर चढवले की खर्चाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. वरचा थर आपलं एक काम खालच्याला दोन-चार कामं करून सांगतो, आणि ती तारेपर्यंत पोचली की प्रत्येकाला हेलपाट्याचा पूर्ण भाव पडतो.

गोक्रिप्टएफएस घ्या. त्याच्या प्रत्येक फोल्डरात १६ बाइटांची एक स्वतंत्र फाइल असते आणि फोल्डरातली नावं उलगडायला ती वाचावी लागते. तुमच्या टाइल्स झूम, स्तंभ, ओळ अशा रचनेत असणार. १० किलोमीटर रुंद क्षेत्राला २१ व्या झूमलाच साडेपाचशेच्या वर स्तंभ-फोल्डरं होतात, आणि प्रत्येकात ही फाइल. शिवाय प्रत्येक डेटा फाइलच्या डोक्यावर १८ बाइटांचं शीर्षक. पुढचा मजकूर ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत, आणि प्रत्येक ठोकळा कूटबद्ध झाल्यावर ४,१२८ बाइटांचा होतो. म्हणजे वरून नीट ४ केबीच्या सीमेवर लिहिलं तरी खाली ते सीमेवर पडत नाही. ठोकळ्याचा अर्धाच भाग बदलायचा असेल तर आधी आख्खा ठोकळा वाचा, उलगडा, बदला, पुन्हा कूटबद्ध करा, लिहा. लोकल एसएसडीवर हे जाणवतही नाही.

त्यावर मर्जरएफएस. फोल्डर उघडायचं तर दोन्ही शाखा वाचून नावांची छाननी करणार. फाइल दुसऱ्या नॅसवर असेल तर आधी पहिल्यावर शोधून 'नाही' ऐकणार, मग दुसऱ्याकडे जाणार. ते 'नाही' ऐकायलाही हेलपाटा लागतोच.

अंबाझरी · मंगळवार, सकाळी ९.४०

जुना टर्मिनल काका, एक शंका. मी आजवर ऐकत आलोय की फ्यूज (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामातून फाइल सिस्टीम चालवायची सोय) मुळातच स्लो, कारण प्रत्येक कॉल कर्नलमधून युजर प्रोग्रामकडे आणि परत असा फिरतो. इथे तर गोक्रिप्टएफएस आणि मर्जरएफएस असे दोन फ्यूज एकावर एक आहेत. मग दोष फ्यूजचा धरायचा की नेटवर्कचा?

जुना टर्मिनल · मंगळवार, सकाळी १०.३०

चांगली शंका. फ्यूज २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ आवृत्तीत आलं तेव्हापासून ही तक्रार आहे आणि ती खोटी नाही. २०१७ च्या फास्ट या फाइल आणि साठवण तंत्रावरच्या परिषदेत एक बारकाईचा अभ्यास मांडला गेला होता. त्यात कामाच्या प्रकारानुसार फ्यूजमुळे होणारी घट कुठे जाणवतही नाही, तर कुठे ८३ टक्क्यांपर्यंत जाते असं दिसलं. पण ती तुलना लोकल डिस्कवरची. फ्यूजची एक फेरी मायक्रोसेकंदांत मोजायची असते. तारेचा हेलपाटा लॅनवर शेकडो मायक्रोसेकंद, व्हीपीएनवर हजारो. तारेपुढे फ्यूजची फेरी चिल्लर.

इथे फ्यूजचा खरा उपद्रव निराळा आहे: तो खालच्या थराची कॅश झाकून टाकतो. एनएफएस क्लायंट फाइलचे गुणधर्म ३ ते ६० सेकंद लक्षात ठेवतो, फोल्डरांचे ३० ते ६०. फ्यूजचा नेहमीचा हिशेब १ सेकंदाचा. म्हणजे वरचा थर दर सेकंदाला विसरतो आणि खालच्याला पुन्हा विचारतो. खालच्याला आठवत असेल तर ठीक. पण ४ लाख फाइलींचं झाड फिरायला मिनिटापेक्षा जास्त लागणार, तोवर खालचाही विसरलेला असतो.

निशिगंधा · मंगळवार, दुपारी १.१०

ड्रोनदृष्टी, दोन वर्कस्टेशनवरून एकच कूटबद्ध फोल्डर माउंट करता का? आणि गोक्रिप्टएफएसला शेअर्डस्टोरेजचा पर्याय लावलाय का?

ड्रोनदृष्टी · मंगळवार, दुपारी १.२५

हो ताई, दोन्ही. एकाने फाइल टाकली तर दुसऱ्याला लगेच दिसावी म्हणून.

निशिगंधा · मंगळवार, दुपारी १.४०

मग तो १ सेकंदही गेला. त्या पर्यायाने गुणधर्मांची कॅश पूर्ण बंद होते, प्रत्येक विचारणा खाली जाते. एकाच वेळी दोघांनी लिहायचं असेल तर तो पर्याय बरोबरच आहे. पण टाइल्स एकदा कापल्या की कोणी बदलतं का? तयार टाइल्सचं माउंट वेगळं करा, फक्त वाचण्यासाठी, त्या पर्यायाशिवाय.

फाइल मॅनेजरमधल्या चित्रांच्या छोट्या प्रतिमाही बंद करा. फोल्डर उघडलं की तो प्रत्येक पीएनजी वाचायला धावतो. तुम्हाला वाटतं आपण नुसती यादी मागितली.

रामटेककर · मंगळवार, दुपारी ३.००

सोपा उपाय: नॅसवर एनएफएस एक्स्पोर्टला असिंक लावा. लिहिण्याचा वेग लगेच वाढतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच आहे.

जुना टर्मिनल · मंगळवार, दुपारी ४.२०

रामटेककर, वाढतो हे खरं, पण कशामुळे ते धागाकर्त्यांना कळायला हवं. सिंकमध्ये नॅस 'लिहिलं' म्हणतो तेव्हा डेटा डिस्कवर पोचलेला असतो. असिंकमध्ये तो आधी हो म्हणतो आणि सवडीने लिहितो. मधे नॅस बंद पडला तर क्लायंटला पत्ता लागत नाही, प्रोग्राम यशस्वी होऊन संपलेला असतो, आणि फाइल अर्धवट किंवा रिकामी. मे महिन्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा किती असतो ते तुम्हीही जाणता. ड्रोनचा मूळ डेटा तसा ठेवायचा म्हणजे पुन्हा काटोलला जाऊन उडवायची तयारी ठेवायची.

टाइल्सचं मात्र तसं नाही, त्या मोझॅकवरून परत कापता येतात. त्यांच्यापुरतं वेगळं एक्स्पोर्ट असिंक करायला माझी हरकत नाही. सगळ्यालाच लावू नका. नॅस झेडएफएसवर आहे, तेव्हा सिंक लेखनासाठी वीज गेली तरी डेटा टिकवणारा छोटा एसएसडी लॉग म्हणून जोडला तर सिंक ठेवूनही बराच वेग मिळतो.

रामटेककर · मंगळवार, दुपारी ४.४५

आमच्याकडे यूपीएस आहे.

तर्रीपोहा · मंगळवार, दुपारी ४.५०

यूपीएसची ब्याटरी कवा बदलली होती भाऊ?

रामटेककर · मंगळवार, संध्याकाळी ५.३०

पाहतो.

अंबाझरी · मंगळवार, रात्री ९.००

थोडं अवांतर, पण दुखणं तेच. आमच्या ऑफिसात (परसोडीचा आयटी पार्क) नवीन मुलं विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घेतात आणि प्रोजेक्ट सी ड्राइव्हवरच ठेवतात. मग लिनक्सच्या बाजूने गिट स्टेटस (कोणत्या फाइली बदलल्या ते सांगणारी आज्ञा) मारलं की चहा पिऊन यावं. मधे तार नाही, दोन्ही एकाच लॅपटॉपवर. पण लिनक्सकडून विंडोजच्या ड्राइव्हवर जाणारी वाट ९पी या प्रोटोकॉलवरून जाते, म्हणजे कागदावर ते नेटवर्क फाइल सिस्टीमच झालं. गिट स्टेटस प्रत्येक फाइलचे गुणधर्म विचारतं, आणि नोड मॉड्यूल्स या जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या फोल्डरातल्या फाइली मोजायला गेलं तर रात्र होते. प्रोजेक्ट लिनक्सच्या आतल्या डिस्कवर हलवला की हेच काम झटक्यात. तिकडे अँटिव्हायरसही एक थरच असतो, प्रत्येक ओपनवर नाक खुपसणारा.

@ड्रोनदृष्टी, क्लाउडचा विचार करणार असाल तर आधीच सांगतो, एसथ्री (अ‍ॅमेझॉनची क्लाउड साठवण) बकेट फ्यूजने माउंट करून त्याला फोल्डर समजू नका. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि नागपूर-मुंबई हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या जवळपास. म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद प्रकाशालाच हवेत, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. त्यात साध्या बकेटमध्ये नाव बदलणं ही क्रियाच नाही. नाव बदललंत तर नवी प्रत करून जुनी पुसली जाते. एखाद्या फोल्डराचं नाव बदलून बघा, आतल्या प्रत्येक वस्तूची प्रत होते.

ड्रोनदृष्टी · बुधवार, दुपारी १२.१५

सगळ्यांचे आभार. तर्रीपोहाभाऊंनी म्हटल्याप्रमाणे एकेक थर उतरवून पाहिला. एकच फोल्डर, तीच यादी काढायची आज्ञा, दर वेळी कॅश रिकामी करून: आधी नॅसवर लॉगिन करून, मग वर्कस्टेशनवर नुसत्या एनएफएसवर कूटबद्ध फाइलींची, मग गोक्रिप्टएफएसवरून, शेवटी मर्जरएफएसवरून. नॅसवर जवळजवळ लगेच होतं. नुसत्या एनएफएसवर थोडं रेंगाळतं. पुढच्या दोन्ही पायऱ्यांवर वेळ उड्या मारत वाढतो. कॉपीच्या आधी आणि नंतर एनएफएसस्टॅटचे आकडेही घेतले: लुकअप (नाव शोधणं) आणि गेटअ‍ॅटर (गुणधर्म घेणं) हेच बहुतेक सगळे, रीड त्यांच्या तुलनेत मूठभर.

आता काढायचं काय? कूटबद्ध ठेवणं करारात आहे, ते सोडता येत नाही.

झिरो माईल · बुधवार, दुपारी २.००

कराराचं कलम नीट वाचा. डेटा कूटबद्ध कोणापासून ठेवायचा? नॅस चोरीला गेला किंवा जुनी डिस्क भंगारात गेली तर डेटा वाचता येऊ नये, एवढंच असेल तर कूटबद्ध करण्याचं काम नॅसच्या आत होऊ शकतं. नॅस सांभाळणाऱ्यालाही दिसू नये असं असेल तर क्लायंटवरच करावं लागेल, दुसरा इलाज नाही.

ड्रोनदृष्टी · बुधवार, दुपारी २.२०

साठवलेला आणि प्रवासातला डेटा कूटबद्ध असावा, एवढंच लिहिलंय. नॅस आमचाच, सांभाळणारा मीच.

झिरो माईल · बुधवार, दुपारी ३.३०

मग गोक्रिप्टएफएसची गरजच नाही. ओपन झेडएफएसमध्ये ०.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, स्वतःचं कूटबद्धीकरण आहे. फाइलींची नावं आणि मजकूर दोन्ही झाकले जातात. डेटासेटचं (झेडएफएसमधला स्वतंत्र कप्पा) आणि स्नॅपशॉटचं (त्याची एका क्षणाची गोठवलेली प्रत) नाव मात्र उघडं राहतं, तेव्हा डेटासेटला ग्राहकाचं नाव देऊ नका. तारेवरच्या प्रवासासाठी वायरगार्ड या व्हीपीएनचा कूटबद्ध बोगदा, किंवा कर्नल नवे असतील तर एनएफएसलाच टीएलएस (त्याचं मानक २०२२ मध्ये आलं). यात प्रवासातला डेटा झाकला जातो आणि विनंत्यांची संख्या जशीच्या तशी राहते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधीच्या डेटासेटवर हे नंतर चालू करता येत नाही. नवा डेटासेट करून डेटा त्यात हलवावा लागतो, तेवढी जागा हवी. आणि किल्ली नॅसवरच ठेवली तर चोराला कुलूप आणि किल्ली एकत्रच मिळते, म्हणून ती हाताने द्यावी लागते. लाइट जाऊन नॅस पुन्हा चालू झाला की कोणीतरी लॉगिन करून किल्ली टाकेपर्यंत ऑफिस ठप्प. उन्हाळ्यात हे काम कोणाच्या गळ्यात ते आत्ताच ठरवून ठेवा.

जुना टर्मिनल · बुधवार, संध्याकाळी ६.१०

झिरो माईल यांच्याशी पूर्ण सहमत. बडबड करणारे थर डिस्कच्या बाजूला ठेवायचे, तारेच्या अलीकडे नाही. मर्जरएफएसचंही तेच. जुना नॅस नव्याला जोडून झेडएफएसचा एकच साठा करता येत असेल तर उत्तम. नाहीतर दोन नॅस दोन वेगळ्या फोल्डरांत दिसू द्या. एकाच झाडात दिसण्याची हौस प्रत्येक लुकअपला दाम मागते.

केबलवाला · बुधवार, रात्री ८.००

बरं, स्विचचा विषय सोडला. (मोझॅकसाठी तो घ्याच असं अजून म्हणतो.) ओव्हरलेएफएस का नको? ते कर्नलमध्येच आहे, फ्यूज नाही. खाली नॅस, वर लोकल एसएसडी. बदल फक्त एसएसडीवर.

जुना टर्मिनल · बुधवार, रात्री ९.२५

मोझॅकसाठी स्विच, हे मान्य. तिथे खरंच रुंदी लागते.

ओव्हरलेएफएस २०१४ च्या शेवटी लिनक्स ३.१८ मध्ये आलं आणि कंटेनरवाले रोज वापरतात. खालचा थर एनएफएस असला तरी चालतं. वरचा, लिहिण्याचा थर एनएफएसवर ठेवता येत नाही, तशी अट कर्नलच्या दस्तऐवजातच दिलेली आहे. वर एसएसडी ठेवताय म्हणून ती अडचण नाही.

तरी एक सापळा आहे. खालच्या थरातली फाइल लिहिण्यासाठी उघडली की ती आधी आख्खी वर कॉपी होते. ४० जीबीच्या जिओटिफमध्ये निर्देशांक प्रणालीचा एक टॅग सुधारायचा असेल, तर काही बाइट बदलण्याआधी ४० जीबी तारेवरून येणार. लिनक्स ४.१९ पासून एक सोय आहे, पण ती नुसत्या परवानग्या किंवा मालक बदलताना मजकूर न हलवण्यापुरती. आणि ओव्हरले लावलेला असताना दुसऱ्या मशीनवरून खालच्या नॅसवर बदल केले तर काय दिसेल याची कोणी हमी देत नाही. दोन वर्कस्टेशनच्या ऑफिसात मी ते लावणार नाही.

निशिगंधा · बुधवार, रात्री १०.४०

सगळे थरांवर बोलताहेत, मला मुळात ४ लाख सुट्या फाइलींचं कोडं पडलंय. ग्राहकाने सुट्या टाइल्सच मागितल्यात का? नसतील तर एमबीटाइल्स करा. सगळ्या टाइल्स एका एसक्यूलाइट फाइलीत, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर ती थेट उघडतं. ४ लाख लुकअपच्या जागी एक ओपन, आणि पुढे लागेल तेवढं वाचन. सर्व्हरवर थर कितीही असोत, त्यांना विचारायला फारसं काही उरतच नाही.

फक्त वाचायचं असेल तरच नॅसवरून वापरा. एसक्यूलाइटची कुलपं नेटवर्क फाइल सिस्टीमवर भरवशाची नसतात, आणि वॅल मोडला (बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहिण्याची पद्धत) सामायिक मेमरी लागते, ती दोन मशीनांत असूच शकत नाही. फाइल लोकल एसएसडीवर तयार करा, झाली की नॅसवर हलवा.

मोझॅकसाठी कॉग, म्हणजे क्लाउडसाठी बेतलेला जिओटिफ. जीडॅल या नकाशा-फाइलींच्या लायब्ररीत ३.१ पासून त्याचा वेगळा ड्रायव्हर आहे. आतच चौकोन आणि कमी तपशिलाच्या प्रती असतात, त्यामुळे काटोलचा मुलगा एचटीटीपीवरून पडद्यावर दिसणारा तुकडाच मागवेल. त्याला व्हीपीएनवरून एनएफएस माउंट द्यायचीच गरज नाही.

सुट्याच पाहिजेत असा हट्ट असेल तर स्क्वॅशएफएसची प्रतिमा करा. ती एकच फाइल नॅसवर राहते, वर्कस्टेशनवर माउंट करायची, आत नेहमीसारखी फोल्डरं दिसतात. थर एक वाढतो आणि तरी वेग वाढतो, कारण नावं शोधण्याचं काम क्लायंटच्या मेमरीत होतं, तारेवरून फक्त मोठे तुकडे येतात. महासंगणक केंद्रांत कंटेनर असेच एका फाइलीत बांधून वाटतात.

तर्रीपोहा · बुधवार, रात्री १०.५५

म्हणजे थर वाढवून फास्ट? ताई, आता आमच्या डोक्याचा स्विच बदला.

ड्रोनदृष्टी · गुरुवार, सकाळी ११.००

निशिगंधाताई, ग्राहकाशी बोललो. एमबीटाइल्स चालतील म्हणतात, उलट त्यांनाच बरं. जुन्या तीन प्रकल्पांच्या सुट्या टाइल्स मात्र एकदा हलवाव्याच लागतील, त्या झिरो माईल यांनी सांगितलेल्या नव्या डेटासेटमध्ये. त्या गोक्रिप्टएफएसमध्ये बंद आहेत, म्हणून वर्कस्टेशनवरूनच वाचाव्या लागणार. हे कमी वेळात कसं करता येईल?

आणि रात्रीचा बॅकअप आत्ता वर्कस्टेशनवरून आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामने चालतो, एका नॅसच्या माउंटवरून दुसऱ्या नॅसच्या माउंटवर. सकाळपर्यंत संपत नाही.

जुना टर्मिनल · गुरुवार, दुपारी १२.४०

हलवण्यासाठी वर्कस्टेशनवरून वाचायलाच हवं असं नाही. गोक्रिप्टएफएस नॅसवरच चालवता येतं का पाहा. बहुतेक नॅसवर लिनक्सच असतं, ते एकच बायनरी आहे. तिथे माउंट केलंत तर सगळी बडबड डिस्कजवळ होईल. नॅस तुमचा, किल्लीही तुमचीच, कराराला बाधा नाही. जमलं नाही तर वर्कस्टेशनवरून टारने (अनेक फाइली एका प्रवाहात बांधणारा प्रोग्राम) वाचा आणि एसएसएचवरून नॅसवर उलगडा, म्हणजे लिहिण्याच्या बाजूचे हेलपाटे वाचतात. वाचण्याच्या बाजूला झूमनुसार सात-आठ टार एकदम चालवा. एकाची वाट पाहण्याचा वेळ दुसऱ्याच्या कामी येतो. एनएफएसच्या माउंटला अनेक जोडण्या देणारा एनकनेक्टचा पर्याय लिनक्स ५.३ पासून आहे, पण तो एकच रांग असेल तर काही करत नाही. आधी कामं समांतर करा, मग तो लावून पाहा.

बॅकअपचं सांगतो. आरसिंकला दोन्हीकडे माउंट दिलेत, की त्याच्या लेखी दोन्ही लोकल फोल्डरं. मग तो फरक शोधण्याची आपली युक्ती वापरतच नाही, बदललेली फाइल आख्खी उचलतो. शिवाय दोन्ही झाडांच्या प्रत्येक फाइलचे गुणधर्म तारेवरून विचारतो. निदान एका नॅसवर लॉगिन करून दुसऱ्याकडे एसएसएचने आरसिंक करा, म्हणजे दोन्ही बाजूंचे गुणधर्म आपापल्या डिस्कवर तपासले जातात आणि तारेवरून नावांची यादी नि बदल एवढंच जातं.

पण दोन्हीकडे झेडएफएस असेल तर आरसिंकही कशाला? स्नॅपशॉट घ्या आणि कालच्या-आजच्या स्नॅपशॉटमधला फरक झेडएफएस सेंडने पाठवा. त्याला फाइली मोजाव्याच लागत नाहीत, कोणते ठोकळे बदलले ते त्याला आधीच ठाऊक असतं. डेटासेट कूटबद्ध केल्यावर सेंडला रॉ पर्याय द्या, म्हणजे तो कूटबद्ध रूपातच जातो आणि बॅकअपच्या नॅसवर किल्ली द्यावी लागत नाही.

ड्रोनदृष्टी · गुरुवार, दुपारी १.०५

जुना नॅसही झेडएफएसच आहे, पण आवृत्ती ०.७ ची. कूटबद्ध डेटा त्यावर उतरेल का?

झिरो माईल · गुरुवार, दुपारी १.२०

नाही. आधी तो ०.८ किंवा पुढच्या आवृत्तीवर न्या, पूल (झेडएफएसचा डिस्कांचा एकत्र साठा) अपग्रेड करा, मग पहिला पूर्ण सेंड लावा. पूल अपग्रेड केला की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही, एवढं लक्षात ठेवून शनिवारी संध्याकाळी करा.